शिपलॅप पॅनेलिंग: खाच, फट आणि कोरडी भिंत

शिपलॅप म्हणजे कडांना खाच मारून भिंतीवर एकावर एक बसवायच्या लाकडी फळ्या. त्यातली एक हातात घेऊन तिच्या टोकाकडून पाहिली की सगळं लक्षात येतं. पाऊण इंच जाडीच्या फळीच्या दोन्ही लांब कडांना अर्ध्या जाडीची खाच मारलेली असते. एका कडेची खाच पुढच्या अंगाने असते, तर दुसऱ्या कडेची मागच्या अंगाने. त्यामुळे वरच्या कडेला मागे एक पातळ जीभ उरते आणि खालच्या कडेला पुढे एक ओठ. भिंतीवर लावताना वरच्या फळीचा ओठ खालच्या फळीच्या जिभेवर येतो. मंगलोरी कौलं एकमेकांवर बसतात, त्यातलाच हा प्रकार. नाव जहाजाच्या फळ्यांवरून आलं. अमेरिकेत हे काम मुळात धान्याची कोठारं आणि शेड यांच्या बाहेरच्या भिंतींचं. टेक्सासकडच्या जुन्या घरांत मात्र आतल्या भिंतींनाही याच फळ्या असत आणि त्यांच्यावर कापड ताणून वॉलपेपर चिकटवलेला असे. तो कागद काढून फळ्या उघड्या ठेवायची हौस टीव्हीवरच्या घरदुरुस्तीच्या मालिकांमुळे २०१३ नंतर जगभर पसरली.

टंग अँड ग्रूव्ह जोडाशी याची गल्लत होते. तिथे एका फळीची जीभ दुसरीच्या पोटातल्या खाचेत शिरते आणि दोघी अडकून बसतात. शिपलॅपमध्ये फळ्या एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या असतात, कोणीच कोणाला धरत नाही. लाकडाला हलायला इथे मुभा आहे, आणि चांगल्या शिपलॅपचं सगळं काम ती मुभा शाबूत ठेवण्यात आहे. बिघडलेल्या बहुतेक भिंतींवर ती कोणीतरी पुट्टीने, गोंदाने किंवा चुकीच्या जागी ठोकलेल्या खिळ्याने काढून घेतलेली असते.

फट किती ठेवायची

दोन फळ्यांच्या मधे थोडी फट सोडावी लागते. अमेरिकेत या फटीला तिथल्या पाच सेंटच्या नाण्यावरून निकेल गॅप म्हणतात. त्या नाण्याची जाडी १.९५ मिमी. आपल्याकडे टाइल्स बसवताना वापरतात ते २ मिमीचे प्लास्टिक स्पेसर त्यासाठी चपखल आहेत.

दोन मिमीच का, याला साधा हिशोब आहे. पाइनच्या लाकडातला ओलावा १ टक्क्याने वाढला की फळी रुंदीत साधारण पाव टक्का फुगते. मे महिन्यात ९ टक्क्यांवर असलेली साडेपाच इंची, म्हणजे १४० मिमीची फळी ऑगस्टमध्ये १५ टक्क्यांवर गेली, तर ती २ मिमीच्या आसपास रुंद होते. फट ठेवलेली नसेल तर फळ्या एकमेकींना रेटतात, मधोमध फुगवटा येतो आणि खिळे उपटले जातात. म्हणून उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत काम करत असाल तर फट ३ मिमीपर्यंत ठेवा. भर पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत करायची वेळ आलीच तर दीड मिमी पुरे, कारण तेव्हा फळी आधीच फुगलेली असते आणि पुढे आकसणारच आहे. जमल्यास दिवाळीनंतरचा काळ धरा.

लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही. टोकाला टोक भिडवून केलेला सांधा उघडा पडला, तर तो बहुतेक वेळा करवतीचा दोष असतो.

लाकूड कोणतं

पाइन हलकं, स्वस्त आणि खाच मारायला सोपं. रंग द्यायचा असेल तर तेच घ्या, पण भट्टीत वाळवलेलं. पॉलिश करून रेषा दाखवायच्या असतील तर सागवान. ते कमी हलतं आणि त्याच्या गाभ्याला वाळवीही सहसा शिवत नाही. सालीलगतच्या फिकट भागाला मात्र सागवानातही कीड लागते, तेव्हा फळीच्या कडेला फिकट पट्टा दिसला तर ती बाजूला काढा. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, तयार पट्ट्या सरळ आणि गुळगुळीत मिळतात. त्या पूर्ण कोरड्या, आतल्या भिंतीवर चालतात. पाणी लागलं की कडा पावासारख्या फुगतात आणि परत बसत नाहीत. न्हाणीघरात किंवा सिंकच्या मागे एमडीएफ नको, आणि शेगडीच्या मागे तर कोणतंच लाकूड नको.

वखारीत फळी उचलून एका डोळ्याने तिच्या कडेवरून पाहा. धनुष्यासारखी वाकलेली फळी खिळ्याने ओढून बसवता येते. पीळ पडलेली बसत नाही, ती परत करा. जवळ मॉइश्चर मीटर असेल तर १० ते १४ टक्के ओलावा ठीक. १८ च्या वर असेल तर घेऊ नका.

आधी भिंत तपासा

सर्वांत मोठं नुकसान भिंतीच्या ओलीने होतं आणि ते वर्षभर लाकडामागे झाकलेलं राहतं. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी पॅकिंग टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब दिसले किंवा भिंतीचा रंग गडद झाला, तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ते खोलीतल्या दमट हवेचे. जमिनीपासून एक फुटावर, मधे आणि छताजवळ अशा तीन ठिकाणी ही चाचणी करा. बाहेरच्या भिंतीवर, खास करून जिच्यावर पावसाचा मारा थेट येतो तिच्यावर, एक पावसाळा कोरडा गेल्याशिवाय लाकूड चढवू नका. पोपडे आलेला रंग खरवडून काढा. पलीकडे न्हाणीघर असेल तर पाण्याचे पाइप भिंतीतून कुठून गेले आहेत ते ड्रिल लावण्याआधी माहीत करून घ्या.

मापं आणि हिशोब

उदाहरणाला बेडरूमची एक भिंत घेऊ: रुंदी १२ फूट, उंची साडेनऊ फूट, म्हणजे २८९५ मिमी. खाली १०० मिमीचं टाइलचं स्कर्टिंग आहे, ते तसंच ठेवायचं. वर छताशी १० मिमी मोकळे सोडायचे. फळ्यांसाठी उरले २७८५ मिमी.

साडेपाच इंची फळीला ३ सूत रुंदीची खाच, म्हणजे साडेनऊ मिमी. १४० मधून ते वजा केले आणि २ मिमीची फट मिळवली की एक ओळ सुमारे १३२ मिमी जागा घेते. २१ ओळींचे झाले २७७२. वर राहिली १३ मिमीची चिंधी. ती बसवताही येत नाही आणि बसवली तर छतालगत वर्षानुवर्षं डोळ्यात खुपते. म्हणून २० पूर्ण ओळी धरायच्या आणि उरलेले १४५ मिमी तळाच्या व माथ्याच्या ओळीत निम्मे-निम्मे वाटायचे, प्रत्येकी सुमारे ७२. एकूण ओळी २२. हा हिशोब भिंतीवर पेन्सिलीने खुणा करून पडताळा आणि मगच लाकूड मागवा.

फळ्या ८ फुटी मिळाल्या तर एका ओळीला दीड फळी, २२ ओळींना ३३ आणि तीन जादा, म्हणजे ३६. वखारीत लाकूड रंधण्याआधीच्या मापावर, घनफुटात मोजतात. १ इंच बाय ६ इंच बाय ८ फूट मापाच्या ३६ फळ्या म्हणजे १२ घनफूट. तयार शिपलॅप चौरस फुटावर घेत असाल तर मोजणी फळीच्या पूर्ण रुंदीवर आहे की झाकल्या जाणाऱ्या रुंदीवर, हे आधी विचारा. खाचेत दडणारा भाग दर फळीमागे सुमारे ७ टक्के असतो.

बाकी सामान असं:
- २ इंच बाय १ इंच मापाच्या बॅटन पट्ट्या (या भिंतीवर कसायच्या आणि फळ्या त्यांच्यावर ठोकायच्या), १०० रनिंग फूट
- ७५ मिमीचे स्क्रू आणि ८ मिमीचे नायलॉन प्लग, ७०-७० नग
- १८ गेजचे ब्रॅड (बारीक डोक्याचे नेलगनचे) खिळे, ३० मिमीचे आणि ४० मिमीचे, प्रत्येकी ३००
- २ मिमीचे टाइल स्पेसर, एक पाकीट
- चपडी लाख, स्पिरिट, वुड प्रायमर, वाळवीप्रतिबंधक ऑइल

खाच मारताना

तयार शिपलॅप प्रत्येक गावात मिळत नाही, पण टेबल सॉ किंवा राउटर असलेला सुतार ते अर्ध्या दिवसात करून देतो. खाच ३ सूत रुंद, ३ सूत खोल. खोली निम्म्या जाडीपेक्षा केसभर जास्त चालेल. कमी झाली तर ओठ जिभेवर चढून बसतो आणि प्रत्येक ओळ पुढे झुकते. हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही खाचा एकाच अंगाला मारणं. ती टाळायला सगळ्या फळ्यांच्या चांगल्या तोंडावर आधी पेन्सिलीने फुली करा. एक कड फुली वर ठेवून कापा, ३६ फळ्या संपवा, मग फुली खाली करून दुसरी कड. यंत्राचं माप मधे हलवू नका. पहिल्या दोन फळ्या झाल्या की एकमेकींवर बसवून पाहा. बोट फिरवल्यावर पायरी लागली तर माप तिथेच सुधारा.

मग फळ्या त्याच खोलीत आणून आडव्या रचा. दर दोन फुटांवर बोटभर जाडीच्या पट्ट्या आडव्या घाला, म्हणजे चारी बाजूंनी हवा खेळेल. आठवडाभर तरी राहू द्या. हा आठवडा वाचवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि फटी वेड्यावाकड्या होण्याचं ते मोठं कारण आहे.

रंगाचा पहिला हात लावण्याआधीच

पाइनच्या गाठींत राळ असते. वरून पांढरा रंग दिला तरी सहा महिन्यांत तिथे पिवळे-तपकिरी डाग उमटतात. गाठीवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे दोन हात द्या, मधे तासभर वाळू द्या. त्यानंतर प्रायमर पुढे, मागे, कडांना, टोकांना, सगळीकडे लावायचा. फक्त पुढून रंगवलेली फळी मागून ओलावा पिते आणि पन्हाळीसारखी वळते. जिभेला तर अंतिम रंगच लावून ठेवा. लावल्यावर फळी आकसली की जिभेचा कोरा भाग फटीतून पांढुरक्या रेघेसारखा दिसतो, आणि तिथे नंतर ब्रश पोचत नाही. वाळवीचं ऑइल बॅटनना चारी बाजूंनी लावा. फळ्यांना मागून लावायचं असेल तर प्रायमरच्या आधी लावा आणि पूर्ण वाळू द्या.

बॅटन

आडव्या फळ्यांसाठी बॅटन उभ्या, १६ इंचांवर. १२ फुटांत नऊ गाळे, म्हणजे दहा पट्ट्या. उभ्या पट्ट्यांमुळे मागे हवेला खालून वर वाट राहते, ती आपल्या हवेत गरजेची आहे. फळ्या उभ्या लावायच्या असतील तर बॅटन आडव्या येतात. मग प्रत्येक पट्टीत दर तीन फुटांवर दोन इंचांची मोकळी जागा सोडा. उभ्या फटींत धूळही कमी साठते आणि बुटकी खोली उंच वाटते.

आधी दोन्ही टोकांच्या पट्ट्या ओळंब्यात लावा. त्यांच्यामध्ये वर, मधे आणि खाली अशा तीन दोऱ्या ताणा आणि बाकीच्या आठ पट्ट्या दोरीला आणा. प्लास्टर कुठेही अगदी सपाट नसतं, पाच-सात मिमीचा फरक सहज निघतो. खोलगट जागी पट्टीमागे प्लायच्या चिप्प्या सरकवा, उंचवट्यावर पट्टीच मागून रंधून घ्या. स्क्रू दर दीड फुटावर, एका पट्टीला सात. ७५ मिमीच्या स्क्रूचे २५ मिमी पट्टीत, साधारण १५ प्लास्टरमध्ये जातात आणि ३५ विटेत धरतात. याहून आखूड स्क्रू फक्त प्लास्टरमध्ये लटकतो. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, असेल तर साधा प्लग फिरत राहतो. तिथे १० मिमी जाडीचे १०० मिमी लांब फ्रेम फिक्सिंग प्लग घ्या आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा.

टीव्ही किंवा कपाट टांगायचं असेल तर त्या जागी दोन बॅटनच्या मधे एक इंच जाडीचा प्लायचा तुकडा आत्ताच बसवा. वजन लांब स्क्रूने भिंतीवर घ्यायचं, शिपलॅपवर कधीच नाही. स्विचबोर्डही याच टप्प्यावर बघा. एमसीबी बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बॉक्स ४४ मिमी पुढे आणून घ्या. वायरचे जोड लाकडाच्या पोकळीत उघडे राहता कामा नयेत. दाराच्या चौकटीपेक्षा पॅनेलिंग पुढे येणार असेल तर तिथे कड झाकणाऱ्या उभ्या पट्टीचं माप आधीच घेऊन ठेवा.

फळ्या चढवणं

पहिल्या फळीच्या पुढच्या खांद्यापासून, म्हणजे जिथे खाच सुरू होते तिथून, खाली ७० मिमी मोजा आणि उरलेला भाग लांबीत कापून टाका. ही फळी स्कर्टिंगच्या अगदी वर, पण स्पिरिट लेव्हलवर लावायची. फरशी किंवा स्कर्टिंग उतरतं असलं तरी त्याच्यामागे जाऊ नका. जीभ वर आणि मागे, ओठ खाली आणि पुढे. उलटी लावली तर प्रत्येक फट वर तोंड करून उभी राहते आणि धूळ-पाणी तिच्यात उतरतं.

दोन्ही बाजूंच्या भिंतींपाशी ५ मिमी सोडा.

खिळ्याची जागा नीट समजून घ्या. प्रत्येक बॅटनवर एक खिळा जिभेत, जो पुढच्या फळीने झाकला जातो. दुसरा तोंडावर, फळीच्या खालच्या कडेपासून साधारण ३० मिमी वर. हा दुसरा खिळा खालच्या फळीच्या जिभेतून जाता कामा नये. एकाच खिळ्यात दोन फळ्या सापडल्या की हलायची मुभा गेली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात फळी लांबीत चिरते. खिळ्याची लांबीही दोन्हीकडे वेगळी लागते. जीभ साडेनऊ मिमीची आहे. तिच्यात ४० मिमीचा खिळा मारला तर तो एक इंची बॅटन पार करून प्लास्टरवर आपटतो आणि वाकतो. म्हणून जिभेला ३० मिमी, तोंडावर ४० मिमी. नेलगन नसेल तर हेडलेस खिळे चालतील, पण जिभेत आधी १ मिमीचं भोक पाडा, नाहीतर ती फुटते. गोंद बॅटनवरही लावू नका.

पुढच्या फळीखाली तीन-चार स्पेसर ठेवा, फळी टेकवा, खिळे मारा, स्पेसर काढा. दर चार ओळींनी दोन्ही टोकांकडून छतापर्यंतचं अंतर मोजा. डावी-उजवीकडे ३ मिमीचा फरक दिसला तर तो पुढच्या तीन ओळींत थोडा-थोडा वाटून घ्या. एकदम सुधारलेली फट लगेच दिसते.

टोकांचे सांधे बॅटनच्या मध्यावरच यायला हवेत आणि ते एकाखाली एक नकोत. ८ फुटी फळ्यांत हे फार छान बसतं. पहिली ओळ ८ + ४, दुसरी ४ + ८. तिसरी ५ फूट ४ इंच + ६ फूट ८ इंच. तिसरीचे जे तुकडे उरतात, २ फूट ८ इंच आणि १ फूट ४ इंच, ते चौथ्या ओळीत एका अख्ख्या फळीच्या दोन बाजूंना लावा. चार ओळी, सहा फळ्या, उरलेलं लाकूड जवळपास शून्य. सगळे सांधे १६ इंचांच्या पटीत आहेत, त्यामुळे प्रत्येक जोड आपोआप बॅटनवर येतो. टोकं गुण्याने तपासून कापा.

माथ्याची फळी छताप्रमाणे कापावी लागते, कारण छत क्वचितच पातळीत असतं. तीन-चार ठिकाणी अंतर घेऊन रेघ मारा आणि जिगसॉने कापा. वरची मोल्डिंग पट्टी फळीला ठोका, छताला नाही, आणि छताशी ५ मिमी फट राहू द्या. मागची हवा तिथूनच बाहेर पडते.

तोंडावरच्या खिळ्यांची भोकं वुड पुट्टीने भरा, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि रंगाचे दोन हात द्या. ब्रश आधी फटीत फिरवा, मग तोंडावर. फटीत रंगाचा थेंब साचून दोन फळ्या चिकटल्या तर पातळ पत्रा फिरवून तो लगेच सोडवा. फटीत पुट्टी किंवा सिलिकॉन भरू नका, मग रंगारी कितीही आग्रह करो.

नंतर काय बिघडतं

चालताना किंवा टेकल्यावर करकर आवाज आला तर एखादा बॅटन स्क्रूवर सैल आहे. त्या जागी तोंडावरून लांब स्क्रू घेऊन भिंतीत कसा. फळीखाली पिठासारखा बारीक भुगा पडलेला आणि टाचणीएवढी गोल भोकं दिसली तर ती वाळवी नव्हे, भुंगेरा आहे. भोकात सिरिंजने कीटकनाशक सोडून मेणाने बंद करा. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी, आणि तिच्यासाठी भिंतीच्या पायथ्याशी व्यावसायिक उपचार लागतो. तळाच्या दोन-तीन ओळींवर काळे ठिपके आले तर आधी ओल शोधा, रंग नंतर.

अमेरिका-कॅनडात लाकडी सांगाड्याच्या घरात हे काम करणाऱ्यांना बॅटनची गरज सहसा नसते. भिंतीतले स्टड, म्हणजे सांगाड्याचे उभे लाकडी खांब, बहुधा १६ इंचांवरच असतात. ते शोधून खुणा करा आणि खिळे थेट त्यांत मारा. मधे अर्धा इंच ड्रायवॉल (जिप्समचा बोर्ड) असल्यामुळे तोंडावरचे खिळे किमान २ इंची, शक्यतो अडीच इंची. घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुना रंग घासण्यापूर्वी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या.

मधलीच एखादी फळी बदलायची वेळ आली तर वरच्या सगळ्या उतरवाव्या लागत नाहीत. सर्क्युलर सॉचं पातं बरोबर १९ मिमी खोलीवर लावून फळी मधोमध लांबीत कापा, बॅटनवरच्या स्क्रूच्या जागा सांभाळा आणि दोन्ही तुकडे पटाशीने बाहेर काढा. नव्या फळीची मागची जीभ कापून टाकली की ती समोरून सरळ आत बसते. अशी फळी फक्त तोंडावरच्या खिळ्यांनी धरा, दर बॅटनवर खालच्या कडेपासून ३० मिमीवर एक आणि वरच्या कडेजवळ एक. त्यासाठी त्याच लाकडाच्या, त्याच वेळी रंगवलेल्या दोन फळ्या पहिल्या दिवसापासून माळ्यावर सपाट ठेवून द्या.